माझ्या नावाचा दगड

४ ऑक्टोबर १९६९, शनिवार

आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कुणीतरी टिपून ठेवायला हवं, आणि वॉर्डलबी गावात ते जमेल असा माणूस मी एकटाच.

संकल्प: गिडियन फॅरंटची कबर शोधायची. माझा पूर्वज. माझंही नाव तेच. १७६८ साली जमीनदाराने कुंपण घालून गावचं गायरान गिळलं, तेव्हा ज्याने गावकऱ्यांना घेऊन ते कुंपण उपटून जाळलं, तो. कोर्टाच्या कागदात त्याचं नाव आणि तुरुंगाची शिक्षा आहे. शेतमजूर युनियनच्या सभांतून मी आयुष्यभर त्याचं नाव घेतलं, आणि त्याच्या डोक्याशी साधा दगड नाही. जमीनदाराच्या घोड्याला मात्र आहे.

पाद्री पिल्बीम म्हणाले, आमच्या आवारात पुरल्याची नोंद दाखवा, दगड खुशाल बसवा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या रविवारी, अनावरण. वक्ता मी. बाप्तिस्म्याची नोंद सापडलीच आहे: १७३५, जॉन आणि अ‍ॅन फॅरंट यांचा मुलगा. दफनाची दोन दिवसांत सापडेल.

थोरली बहीण मिल्ड्रेड म्हणाली, मेलेल्यांच्या मागे लागण्यापेक्षा छपराचं गटार साफ कर, पाऊस स्वयंपाकघरात येतोय.

६ ऑक्टोबर, सोमवार

चर्चमागची खोली. लोखंडी पेटी. वह्यांना उंदरांचा आणि ओल्या लोकरीचा वास. खोलीला एकच खिडकी, उत्तरेची. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

पिल्बीम म्हणाले, अहो फॅरंट, खुर्ची फिरवा, उजेडात बसा. मी म्हणालो, पाठीला जरा ऊन हवं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन? असं ते म्हणाले. पाद्री लोकांना नको तेव्हा भूगोल आठवतो.

अक्षर दिसेना. उद्या दिवा नेईन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

१७६८ पासून पुढची सगळी दफनं वाचली. गिडियन नाही. बाकी सगळे आहेत. देवीने गेलेले, विहिरीत पडलेले, 'कोठारात मेलेली एक परकी बाई, नाव ठाऊक नाही'. तिच्यापाशी आल्यावर मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. कुणी नव्हतं. मी तीनदा खात्री केली.

यापुढे काम फक्त दुपारपर्यंत. भीती वगैरे काही नाही. डोळ्यांसाठी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मिल्ड्रेडने जेवताना मुद्दाम तो विषय काढला. मटण चांगलं झालं होतं, पण ते वाया गेलं.

विषय असा. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. १९०३ साली. त्याचं नाव गिडियन. पाच आठवडे जगला. पुढच्या वर्षी मी झालो आणि ते नाव मला दिलं. तेव्हा घरोघरी हेच चालायचं. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीशी त्याच्यावर लाकडी क्रूस होता, आणि आई दर रविवारी मला हाताला धरून तिथे न्यायची. मला वाचता येऊ लागलं तेव्हा मी पहिल्यांदा वाचलेले दोन शब्द म्हणजे गिडियन फॅरंट. जमिनीतून वर आलेले.

मिल्ड्रेड म्हणाली, तू तेव्हा किंचाळत पळत सुटलास, घरी येऊन टेबलाखाली बसलास आणि विचारत राहिलास की मला बाहेर कधी काढलं. मी म्हणालो, असं काही झालेलं नाही. ती म्हणाली, टेबलाखाली तुला जेवण मीच देत होते रे.

क्रूस केव्हाच कुजून गेला. मी त्या बाजूला जात नाही, कारण तिथे खाजकुइली माजली आहे. एवढंच.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडला. 'गिडियन, जॉन फॅरंटचा मुलगा, पुरला.'

पानाचा वरचा भाग उंदरांनी खाल्लाय, त्यामुळे साल नाही. पान १७३०च्या नोंदींमध्ये शिवलेलं आहे, म्हणजे बाइंडर प्यालेला असणार. हे पान १७९०च्या सुमाराचंच. अक्षराला तसा एक प्रौढपणा आहे.

माझ्याकडे नोंदी कशा वाचाव्यात यावर एक पुस्तक आहे. त्यात म्हटलंय की 'अमक्याचा मुलगा' असं फक्त लहान मुलांच्या दफनाला लिहीत, मोठ्या माणसाचं नुसतं नाव लिहीत. आणि हेही म्हटलंय की पूर्वज नक्की करण्याआधी तो लहानपणीच मेला नव्हता ना हे तपासा, नाहीतर आपण मेलेल्या बाळाचे वंशज होऊन बसतो. लेखक जमीनदारांच्या पक्षाचा दिसतो. म्हातारा माणूसही कुणाचा तरी मुलगाच असतो.

पुस्तक कपाटावर ठेवलं. मग कपाटाच्या मागे टाकलं.

ईनॉक पाथरवटाला दगड सांगितला. नाव आजच कोर म्हणालो, बाकी मजकूर पाठवतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

मजकूर तयार होत नाही. सगळे मसुदे चांगले आहेत, हीच अडचण. 'ज्याने कुंपण उपटले आणि गुडघे टेकले नाहीत' हे ठेवायचंच. त्यापुढे गायरानाचा इतिहास थोडक्यात, दोन परिच्छेद.

ईनॉक म्हणाला, बाबा रे, हा दगड आहे, पेपर नाही. मग म्हणाला, जन्म-मृत्यूची सालं सांग. जन्म सांगितला. मृत्यूसाठी जागा सोड म्हणालो. तो म्हणाला, मेलाय ना नक्की? ईनॉकला विनोद जमत नाही.

दुकानात दगड उभा होता, नाव कोरून. मी दारातूनच पाहिला. आत धूळ फार होती.

२६ ऑक्टोबर, रविवार

जाहिराती लागल्या. 'गायरानाचा वीर. भाषण: गिडियन फॅरंट.' पितळी वाद्यांचा बँड येणार. युनियनची बस येणार.

कोंबड्यांसमोर भाषणाचा सराव केला. 'जमीन कुणाची? तिने जी पावलं पाहिली त्या पावलांची! ज्यांनी कुंपण घातलं त्यांची नावं संगमरवरात आहेत. ज्यांनी ते उपटलं आणि गुडघे टेकले नाहीत, त्यांच्यावर आपण मेंढ्या चारतो. बंधूंनो, ज्या देशाला आपले गरीब कुठे पुरलेत हे ठाऊक नाही, त्या देशाने आपल्या राजांच्या कबरी मिरवू नयेत.' यातला शब्द न् शब्द मी मानतो. कोंबड्या गप्प झाल्या.

पिल्बीम नोंद पाहायची म्हणतात. मी गुडघा दुखतो असं कळवलं. ते म्हणाले, वहीच घरी घेऊन येऊ का? गुडघा लगेच बरा झाल्याचं कळवलं.

 

२९ ऑक्टोबर, बुधवार

पिल्बीमनी पान पाहिलं. मग, जे मी एवढ्या दिवसांत केलं नव्हतं, ते त्यांनी केलं. पान उलटलं. मागे तेच अक्षर, तीच शाई, आणि ठसठशीत तारीख: मार्च १७३६.

ते हळूच म्हणाले, फॅरंट, हे बाळ होतं हो. मी म्हणालो, बाइंडर. ते म्हणाले, मागची-पुढची बाजू बाइंडर कशी बदलेल? मग त्यांनी बाप्तिस्म्याची वही पुढे चाळली. १७३८. गिडियन, जॉन आणि अ‍ॅन फॅरंट यांचा मुलगा. दुसरा.

कुंपण उपटणारा तो हा. पहिल्याचं नाव घेऊन जगलेला. त्याचं दफन आमच्या वहीत नाही. तुरुंगातून सुटून कुठे गेला, कुठे मेला, कुणास ठाऊक. आवारात आहे ते बाळ, आणि मी कोंबड्यांना सांगितलं की ते गुडघे टेकत नाही.

मला हवा हवी होती. दार उघडून बाहेर पडलो. ते उत्तरेचं दार होतं. खाजकुइली खरंच आहे. मी चालायचा व्यायाम म्हणून वेशीपर्यंत जरा वेगात गेलो. टपालवाली सायकल थांबवून म्हणाली, काय झालं हो, आग लागली का?

टोपी तिथेच राहिली.

१ नोव्हेंबर, शनिवार

सभा पुढे ढकलली. घसा बसल्याचं सगळीकडे कळवलं. मिल्ड्रेड म्हणाली, मग ओरडतोयस कशाने?

शेवटी तिला सगळं सांगितलं. नोंद, दगड, दोन गिडियन. हसेल असं वाटलं होतं. ती बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, म्हणजे त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेलं असेल. आणि तरी त्याने कुंपण उपटलं.

मी म्हणालो, त्याला वाचता येत नव्हतं. त्याचं बरं होतं.

ती डगला घालून बाहेर गेली. कुठे ते सांगितलं नाही.

संकल्प: उद्या अंथरुणातच राहायचं.

२ नोव्हेंबर, रविवार

मिल्ड्रेडने सकाळी पांघरूण ओढलं. बूट घाल म्हणाली. मी पासष्ट वर्षांचा आहे, युनियनच्या तीन सेक्रेटरींना मी घाम फोडलाय. मी बूट घातले.

काल ती पिल्बीमकडे गेली होती. आमच्या भावाची नोंद तिने तिथला चहा निवायच्या आत शोधली. १९०३, गिडियन फॅरंट, वय पाच आठवडे. पिल्बीमनी दगडाला लगेच परवानगी दिली. ईनॉकने हातगाडीवरून दगड आणला. माझा मजकूर कधी पोचलाच नाही, म्हणून वर नुसतं नाव. माझ्या पूर्वजाचं साल त्याने घासून काढलं होतं.

चर्चला वळसा घालताना मी बुटाची नाडी दोनदा बांधली. मिल्ड्रेडने माझा हात धरला. मी म्हणालो, सोड, लोक बघतील. ती म्हणाली, ईनॉक, पाद्री आणि एक मेंढी. चल.

खाजकुइली कुणीतरी कापली होती. तिनेच. बोटं सुजली होती तिची. दगड बसवला. माझी टोपी शेजारच्या झुडपात होती. मिल्ड्रेड म्हणाली, बोल काहीतरी, एवढं बोलतोस. मी घसा साफ केला. जमीन कुणाची, इथपर्यंत आलो. पुढचं आठवेना. ईनॉकने टोपी काढली. मी मिल्ड्रेडचा हात सोडला नाही.

मग मिल्ड्रेड दगडाकडे पाहत म्हणाली, चला, तुझी वेळ येईल तेव्हा नाव कोरायचा त्रास वाचला.

फाटकापाशी एकदा मागे वळून पाहिलं. नाव तिथे होतं. मी इथे होतो, ओल्या बुटांत.

उद्या गटार साफ करायचं आहे.