पिक्चरच्या शेवटी मुंग्या

बाबा, पिक्चरात ती होडी परत येत नाही. मी चार वेळा बघितलं. पाचव्यांदा मोबाईल पालथा घातला आणि भिंतीकडे बघत बसले. ती बाई वाळूत उभी असते, मग समुद्र दिसतो, नुसता समुद्र, मग तिची पाठ, आणि संपलं. तुम्ही सांगितलेलं त्यात काही म्हणजे काही नाही. तिचा नवरा होडीतून उतरत नाही. तिच्या हातातली टोपली पडत नाही. बांगडे वाळूत सांडत नाहीत. बांगडेसुद्धा तुम्ही घातलेत, बाबा? चाळीस वर्षं मी त्या बांगड्यांवर जीव टाकला. मुलांना वर्गात सांगितलं, बघा, दिग्दर्शक कसा असतो, आनंद दाखवायला त्याने चेहरा दाखवला नाही, सांडलेली मासळी दाखवली. आणि तो दिग्दर्शक म्हणजे तुम्ही! आरोंद्याच्या आपल्या पडवीत, कमरेला पंचा, हातावर कौलांची काजळी.

तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेल्यानंतर मी चित्रकथा काढायला लागले. जामसंड्याच्या शाळेत दिवसभर फुलं-पानं आणि स्मरणचित्र शिकवायचं, आणि घरी येऊन चौकटी आखायच्या. कुणी छापत नाही, मीच छापते. झेरॉक्सवाल्याकडे शंभर प्रती काढायच्या, जेवणाच्या टेबलावर घड्या घालायच्या, मध्यात दोन पिना मारायच्या, झालं पुस्तक. अशी पुस्तकं काढणारी वेडी माणसं बरीच आहेत हो. कुणी आपल्या आजाराची गोष्ट काढतं, कुणी चाळीतल्या मांजरांची. छपाई वाईट, शाई हाताला लागते, पण एकेक पान असं की वाचून झाल्यावर मला दुसऱ्या कामाला हात लावता येत नाही. मोठ्या कंपनीच्या गुळगुळीत पुस्तकात ते मिळत नाही, कारण तिथे दहा जणांनी पुसून पुसून सगळं सारखं केलेलं असतं. माझं पुस्तक आपल्या घरातल्या रविवारच्या पिक्चरांवर होतं. पाच जुने काळे-पांढरे सिनेमे, जसे बघितले तसे, चौकटीला चौकट. पहिल्याच पानावर मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की यात मनाची एकही चौकट घातलेली नाही.

गेल्या महिन्यात पणजीला अशा पुस्तकवाल्यांचा मेळावा होता. टेबल मांडून बसले होते. सिनेमा शिकणारी एक मुलगी आली, चोवीस-पंचवीसची, पुण्याची. उभ्या उभ्या सगळं पुस्तक वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही शेवट बदललात ना, ते मला भयंकर आवडलं." मी म्हटलं, "कुठला शेवट?" ती म्हणाली, "सगळेच. पण हा होडीचा जास्तच." मला हसू आलं. म्हटलं, बाळा, तू कुठेतरी कापलेली प्रत बघितली असशील, मी अख्खा बघितलाय, तुझ्या जन्माच्या आधी. चार माणसं गोळा झाली. मी आवाज चढवला, माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. आजकालच्या मुलांना इंटरनेटवर काय दिसेल ते खरं वाटतं, असंही बोलले. तिने मोबाईल काढला, अलीकडेच कुणीतरी स्वच्छ करून इंटरनेटवर टाकलेली प्रत लावली, शेवटच्या पाच मिनिटांवर नेली आणि माझ्या हातात दिली. सगळे माझ्या खांद्यावरून बघत होते. मी पुस्तकं पिशवीत कोंबली आणि जेवण न घेताच एसटी पकडली.

घरी आल्यावर बाकीचे चार सिनेमे शोधले. आंधळ्या आईला शेवटी दिसायला लागत नाही. मास्तर तुरुंगातून सुटत नाही. दोघी बहिणी एकमेकींना भेटत नाहीत, एकीची गाडी सुटते आणि दुसरी फलाटावर धावत राहते. चौथ्याचंही तसंच. मी एकेक बघत होते आणि प्रत्येक वेळी शेवटची पाच मिनिटं मला अनोळखी. तिथपर्यंतचं सगळं पाठ! कुठल्या दारातून कोण येतो, कुणाच्या कपाळावर कशी सावली पडते, सगळं. आणि मग मला आठवलं की त्या पाच मिनिटांच्या जागी माझ्या डोक्यात एकच चित्र आहे. मुंग्या. पडदाभर खरखरणाऱ्या पांढऱ्या मुंग्या.

वाडीत टीव्ही एकच, आपला. गोव्याचं केंद्र धरायला कौलांच्या वर बांबूला बांधलेली अँटेना, आणि वारा आला की ती फिरायची. रविवारी दिवेलागणीच्या सुमाराला पडवी भरते. तुम्ही शिडीवरून कौलांवर चढता. आतून सगळे ओरडतात, "इला, इला! वायच उजवीकडे! हां, धरान ऱ्हवा!" पिक्चर सुरू होतो. तुम्ही वरच बसता, दोन तास, बांबू धरून. आणि शेवट जवळ आला की हमखास चित्र थरथरतं, वाकडं होतं आणि मुंग्यो इल्यो, मुंग्यो इल्यो म्हणून पडवीत एकच गिल्ला. तुम्ही वरून विचारता, "इला काय?" आम्ही ओरडतो, "नाय!" शेवटी तुम्ही खाली उतरता, पंच्याने हात पुसता आणि म्हणता, "ऱ्हवांदेत. हो पिक्चर माका पाठ आसा. आयका." आणि उभ्या उभ्या शेवट सांगता. लोक तुमची चेष्टा करायचे. वाडीत तुम्हाला मुंगीवालो म्हणायचे आणि तुम्ही पण हसायचात. मी नऊ-दहा वर्षांची असेन, सगळ्यांसमोर पाय आपटून मी म्हटलं होतं, "बाबा, तुमका साधी काठी धरूक येणा नाय!" सगळी पडवी हसली. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, म्हणालात, "खरा गो. नाय येणा."

पाठ असणारच होता म्हणा. परत गावी येण्याआधी अकरा वर्षं तुम्ही मुंबईला एका थिएटरात टॉर्च घेऊन दाराशी उभे होतात. तुम्हीच एकदा सांगितलं होतं, दारवाल्याला मधला पिक्चर कधी बघायला मिळत नाही, पण शेवट मात्र रोज तीन वेळा बघावा लागतो, कारण दारं उघडायची असतात. रडत बाहेर येणारी माणसं आधी तुमच्या अंगावर यायची. मशीनमध्ये तुटलेले फिल्मचे तुकडे तुम्ही बिस्किटाच्या डब्यात साठवून माझ्यासाठी आणले होते. खिडकीत उन्हाला धरून मी ते तासन् तास बघायचे. एकाच माणसाची सात चित्रं, प्रत्येकात हात केसभर वर. चित्रातून गोष्ट चालते हे मी तिथे शिकले, आणि पुढे चित्रकलेच्या कॉलेजात गेल्यावर तुम्हालाच ऐकवलं. सुट्टीत आले होते. तुम्ही जेवताना कुठल्यातरी सिनेमाबद्दल काही म्हणालात आणि मी फाडकन बोलले, "तुम्ही लोकांका नुसतो टॉर्च दाखवलात बाबा, पिक्चर तुमका काय कळतलो?" तुम्ही म्हणालात, "बरां," आणि भाकरीचा तुकडा मोडलात.

मग मी आईला फोन केला. चिडूनच. म्हटलं, बाबा मुद्दाम करायचे काय गो? आईला हसू आवरेना. "अगो, तुका आता कळता? मुद्दामच फिरवायचे ते काठी." मी म्हटलं, पण कशाला? तेव्हा ती म्हणाली, "त्या वर्सा मावशीचो घोव समुद्रात गेलेलो परत नाय इल्लो. ती फुडेच बसलेली. तिका होडी परत येणा नाय ता दाखवूचा?" शेजारची मावशी, बाबा. नवरा समुद्रात गेला तेव्हा तिने तिशीसुद्धा गाठली नव्हती. पडवीत पुढे, गुडघ्यांना मिठी मारून बसायची. तुम्ही शेवट सांगायला लागलात की तोंड उघडं टाकून तुमच्याकडे बघायची. होडीपासून तुम्ही सुरुवात केलीत आणि मग कुठलाच वाईट शेवट तुम्हाला खाली येऊ देववेना.

इथपर्यंत ऐकून मला रडू आलं होतं, चांगलं रडू. पण आई पुढे बोलत राहिली. बारा वर्षं परत न आलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, बायकोने समोर बसायचं असतं, मग कुंकू पुसायचं. बारावं वर्ष भरलं तेव्हा मावशीचे दीर आले. मावशी उठली आणि म्हणाली, "पिक्चरातले सुद्धा येतत. मगे माझोच कित्या नाय येवचो?" दिरांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. आई म्हणाली, "ता आयकल्यावर तुझे बाबा दोन दिवस जेवले नाय. एकदा तिका खरा सांगूक गेलेले. तिच्या पायरीर बसान चाय पिऊन परत इले." मावशी अजून कुंकू लावते, बाबा. सत्तरीची आहे. माहेरची माणसं तिचं दुसरं लग्न लावून द्यायला तयार होती, तेही तिने नाकारलं होतं, हे मला आईच्या या फोनपर्यंत माहीत नव्हतं. तुमची दया आली, आणि लगेच तुमचा असा राग आला की भिंतीवरचा तुमचा फोटो उतरवून ठेवावा. पाच मिनिटांच्या गोडव्यासाठी तुम्ही एका बाईला चाळीस वर्षं किनाऱ्यावर उभी केलीत! आणि मी तोच शेवट शाईने काढून शंभर प्रतींत वाटला.

पणजीहून आल्याच्या आठव्या दिवशी मी आरोंद्याला गेले. मावशी खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती. "इलंस गो?" म्हणाली. पुस्तक दाखवलं. वाचता येत नाही तिला, पण चित्रं तिने एकेक बघितली, बोट लावून. शेवटच्या पानावर पोचली, होडीवर बोट ठेवलं आणि गालात हसली. मग हळूच म्हणाली, "पुतणो सारखो म्हणता, काकी, तुझ्या डोळ्यांदेखत विधी उरकूया. तू शिकलेली. तू सांग, बसू काय मियां?" बाबा, मी तिच्या हसण्याकडे बघत होते आणि मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "मावशी, पिक्चरात होडी येणा नाय. बाबांनी शेवट आपल्या मनान सांगलो. माका पण आठ दिसांआदीच कळला."

ती रडली नाही. पुस्तक मिटलं, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "तुझो बापूस मरापर्यंत गप ऱ्हवलो. तुका आठ दिस गप ऱ्हवाक जमला नाय?" आणि बिया गोळा करायला लागली. मी मदतीला वाकले तर तिने माझा हात बाजूला केला. तिला आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, ते मी विचारू शकले नाही. विचारायचं तोंडच उरलं नव्हतं.

आज सकाळी आईचा फोन आला. मावशीने पुतण्याला बोलावून सांगितलं, बामणाक बोलव. विधी पुढच्या सोमवारी आहे. आई मला ये म्हणाली नाही.

हे कुठे पोचणार नाही म्हणून लिहिता येतंय. एसटीत बसले तेव्हा मी मनाशी म्हणत होते की तुमची चूक निस्तरायला चाललेय, एका बाईला तिच्या हक्काचं खरं द्यायला चाललेय. तसं नव्हतं बाबा. पणजीला चार माणसांत माझं तोंड पडलं होतं आणि मला कुणासमोर तरी बरोबर ठरायचं होतं.