चौकटीतले केस

५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस, म्हणून पत्र. शिवाय सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. लहानपणी तू माझं नाव झिपऱ्या ठेवलंस. ते आता बदलावं लागेल असं दिसतंय.

दोन वर्षांपासून कपाळ दोन्ही बाजूंनी वर सरकत होतं. भांग बदलून वेळ मारून नेली. मग टाळूवरही डबीच्या झाकणाएवढी जागा विरळ झाली, तेव्हा नोव्हेंबरात कंबर कसली. मीठ, साखर, दूध, अंडी, तेल, सगळं बंद. दोन्ही वेळा उकडलेला भोपळा आणि मूठभर मोड आलेले मूग. डोक्याला कांद्याचा रस चोळतो, त्यामुळे कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा हमखास रिकामी असते. वजन नऊ किलो उतरलं. आणि केस? जानेवारीपासून तर मुठीने गळायला लागलेत. रोज सकाळी उशीवरचे मोजतो. काल एकशे बारा भरले. या काळजीने सिगरेटी वाढल्यात, ते मात्र आईला सांगू नकोस.

आता तूच बघ. खाण्यात खोट नाही. घराण्यातही नाही. बाबांच्या केसांत अजून कंगवा अडकतो, तुझं तर विचारायलाच नको, आणि पुढच्या खोलीतल्या फोटोतले आजोबा म्हणजे डोक्यावर नुसतं रान. मी केस विंचरायला लागलो की आई त्या फोटोकडे बोट दाखवायची आणि मी तिच्या वडिलांवर गेलोय म्हणून खूश व्हायची. म्हणजे उरला कारखाना. दिवसभर कापड रंगवायच्या टाक्यांवर वाकलेला असतो, वाफ सरळ डोक्यात जाते. आमचे खातेप्रमुख तिथे तीस वर्षं आहेत आणि त्यांचे केस ब्रशसारखे उभे आहेत, पण असते एकेकाची प्रकृती.

तेव्हा ठरवलंय, महिनाअखेर राजीनामा देतो. लिहून खिशात ठेवलाय. खरं सांगू का, लिहिताना हात जड झाला. गिऱ्हाईक एक चिंधी पाठवतं, तिच्यासारखाच निळा उतरवायचा, आणि वाळल्यावर दोन्ही शेजारी ठेवून आपली कुठली ते आपल्यालाच कळू नये, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळत नाही. एप्रिलमध्ये खातेप्रमुख निवृत्त झाले की त्यांची जागा मला मिळायची आहे. पण सत्ताविसाव्या वर्षी डोक्याचं हे असं, तर आत काय चाललं असेल, या विचाराने जीव टांगणीला लागलाय. नोकरी सोडण्याचं आईला तूच समजावून सांग. तुझं ती ऐकते.

कमी व्हायला केस आहेत, तुझा लोभ तेवढा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
झिपऱ्या (नावापुरता)


११ फेब्रुवारी

चि. झिपऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कांद्यापर्यंत पोट धरून हसलो. नऊ किलो वाचल्यावर हसू आटलं, आणि फोटोची गोष्ट आली तेव्हा उठून जुनी पेटी उघडली. राजीनामा खिशातच राहू दे. सोबत पुठ्ठ्यात घालून एक छोटा फोटो पाठवलाय, तो आधी बघ.

छापखान्यातली माणसं आहेत, दोन रांगांत. पुढच्या रांगेत डावीकडून तिसरे, मांडीवर टोपी घेऊन बसलेले, ज्यांच्या डोक्यावर खिडकीचा उजेड चमकतोय, ते तुझे आजोबा.

दचकलास ना? पंचविशीत सुरू झालं आणि पस्तिशीत मैदान साफ. त्यांना त्याची फार लाज वाटायची. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतानाही टोपी डोक्यावर, फक्त घरात आले की काढायचे. त्या दिवशी फोटोसाठी मालकांनी सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या म्हणून सापडले. पुढे दोन वर्षांत तापाने गेले. त्या तापाचा आणि टकलाचा काही संबंध नव्हता, हे दोनदा वाच. तोवर गडी ठणठणीत होता. मिळेल ते खायचे आणि मी थकेन इतकं चालायचे.

गेले तेव्हा त्यांचा हा एकच फोटो होता. मी सतरा वर्षांचा, फोटोच्या दुकानात नुकताच हात काळे करायला लागलेलो. माझी आई म्हणाली की हा मोठा करून आण, पण त्यांना असं उघडं भिंतीवर टांगू नकोस, ते संकोचतील. मी त्यातून एकट्या त्यांचीच मोठी प्रत काढली आणि बारीक ब्रश घेऊन तीन दिवस एकेक केस रंगवला. कसे काढावेत कळेना, तेव्हा समोर आरसा ठेवला आणि स्वतःचेच उतरवले. म्हणजे तू जन्मभर आजोबांचे म्हणून जे केस पाहिलेस ते माझे आहेत. आणि माझे आले माझ्या आईकडून.

तुझ्या आईला मी हे कधीच सांगितलं नाही. ती चार वर्षांची होती. तिच्यापाशी वडील म्हणून आहे ती तेवढी चौकट, आणि त्यातही मी रंगाचा हात मारलाय. आज सांगू, उद्या सांगू करत अठ्ठेचाळीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत लग्नाच्या फोटोंत किती जणांच्या पुटकुळ्या पुसल्या, पण हा एकच ब्रश मनाला टोचत राहिला. आता माझ्या भित्रेपणापायी तुझी नोकरी जाणार असेल तर ते मला सहन होणार नाही. याच टपालाने तिलाही लिहितोय. ती काय म्हणेल याची भीती वाटतेय.

तू हा फोटो घेऊन डॉक्टरकडे जा. आणि जाण्याआधी दोन अंडी खा.

या लबाड म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

अंडी चार खाल्ली. मिठासकट.

त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून डोकं पाहिलं, रक्त तपासलं, खाणंपिणं, झोप, सिगरेट सगळं खोदून विचारलं. मग घरात कुणाला टक्कल आहे का म्हणाल्या. मी आजोबा टेबलावर ठेवले. बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी फोटोवर पेन्सिल फिरवून मला दाखवलं, की दोन्ही कानशिलांवरून कपाळ आत जात आणि टाळू मोकळी होत शेवटी दोन्ही कसं एक झालं असेल. मामा, अगदी माझाच नकाशा.

त्यांच्या मते माझ्या डोक्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी चालल्यात. एक आजोबांची. ती सावकाश चालते, आईकडून किंवा वडिलांकडून, कुठूनही येते, एखाद्याला गाठते आणि एखाद्याला सोडून जाते. तुला सोडलं. ती औषधाने थोडी रोखता येते, पण गेलेलं सगळं परत येईल असं वचन त्या देत नाहीत. दुसरी मात्र मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली. शरीराला उपाशी मारलं की दोन-तीन महिन्यांनी ते केस टाकायला लागतं. नोव्हेंबरात भोपळा, जानेवारीत मुठी, सरळ गणित. रक्तात लोहही कमी निघालं. नीट जेवायला लागलो की हे गळणं थांबेल आणि तेवढे केस काही महिन्यांत परत येतील. सिगरेट कुणाच्याच केसांच्या भल्याची नाही, म्हणून ती बंद. कांदा यापुढे भाजीत घाला म्हणाल्या. वाफेबद्दल विचारलं तर त्यांनी तिथल्या जुन्या माणसांच्या केसांची चौकशी केली. मी खातेप्रमुखांच्या ब्रशसारख्या केसांबद्दल सांगितलं आणि माझी मलाच लाज वाटली.

आत काही बिघडलेलं नाही, मामा. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आलो आणि समोरच्या खानावळीत तुडुंब जेवलो. राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवशी निळ्याच्या सहा छटा लावून पाहिल्या. चौथी तंतोतंत जमली.

आता काळजी एकच. तुझं पत्र आईला मिळून आठवडा उलटला. फोन केला तर जेवलास का एवढंच विचारते आणि ठेवते. रविवारी घरी जातोय, खरा फोटो घेऊन. तिकडची खबर कळवीनच, तोवर तुझा हात माझ्या पाठीवर असू दे. डोक्यावर ठेवलास तरी आता चालेल.

तुझा,
झिपऱ्या


६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पहिले काही दिवस मी रागावले होते, नंतर रडत होते, आणि दोन्ही वेळी माझं अक्षर वाचण्याच्या लायकीचं नसतं. राग केसांचा नव्हता. इतकी वर्षं तू एकट्याने हे पोटात ठेवलंस, त्याचा होता.

आता मी तुला एक सांगते, जे मीही कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणची एकच गोष्ट माझ्या मनात राहिली होती. मी कुणाच्या तरी खांद्यावर बसलेय आणि माझे दोन्ही तळवे त्या माणसाच्या डोक्यावर आहेत. डोकं गुळगुळीत, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखं कोमट. मी बोटांनी त्यावर ताल धरते, तो माणूस हसतो, आणि हसला की माझ्या हाताखाली कातडी हलते. आठ वर्षांची असताना मी आईला विचारलं की ते बाबा होते का. ती फोटोकडे बघत राहिली आणि मग कुणी शेजारी असतील म्हणाली. मलाही पटलं, कारण भिंतीवरच्या माणसाला भरगच्च केस होते. तेव्हापासून ती आठवण मी परक्याची म्हणून बाजूला टाकली. मला वडील मुळीच आठवत नाहीत, असं जन्मभर सांगत आले. तुलाही कितीदा सांगितलं असेल.

खरं कळलं तर माझे वडील माझ्यापासून जातील, अशी भीती तू बाळगलीस. अरे दादा, ते तर तुझ्या पत्रातून परत आले. आईवरही माझा राग नाही. तिला तिच्या माणसाची लाज झाकायची होती.

छापखान्याचा फोटो आता पुढच्या खोलीत लावलाय. तुझा रंगवलेलाही काढला नाही, त्याच्याच खाली आहे. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःचे केस वडिलांना दिले, ते मी अडगळीत कशी टाकू? तू लवकर ये आणि दोन्ही चौकटी सरळ आहेत का ते बघ, माझ्या मते तुझी जरा वाकडी आहे.

झिपऱ्या रविवारी आला. गालांवर जरा मांस दिसलं म्हणून बरं वाटलं. दारातच वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता, तेव्हा त्याची टाळू मला दिसली. मी हात ठेवला. काय झालं म्हणून तो वर बघायला लागला, तर मी त्याला तसंच वाकून राहायला सांगितलं आणि जरा हसायला सांगितलं. आई वेडी झाली असं वाटून तो खरोखरच हसला, आणि दादा, माझ्या हाताखाली कातडी तशीच हलली.

वहिनींना नमस्कार. आता मात्र काही लपवून न ठेवता माया करत राहा.

तुझी,
धाकटी