पोटातली नळी जमा करणेबाबत

दि. १९ जुलै १९९३

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शल्यचिकित्सा विभाग,
विद्यापीठ वैद्यकीय महाविद्यालय, मुंबई.

विषय : माझ्या शरीरात असलेली आपली मालमत्ता काढून घेण्याविषयी.
संदर्भ : आपली या महिन्यातली नोटीस.

महोदय,

१. मी रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर आहे. सहा वर्षांपूर्वी आपल्या विभागाच्या संशोधन प्रयोगशाळेने माझ्या पित्ताच्या वाटेत नव्या प्रकारची नळी बसवली. आधी ती कुत्र्यांना बसवून पाहिली होती. माणसांत पहिला मान मला मिळाला. तेव्हा विद्यार्थी घोळक्याने माझे पोट पाहायला येत आणि मोठे डॉक्टर स्वतः चहा पाजत.

२. पुढे ते डॉक्टर परदेशी गेले, माझे कागद सोबत नेले, प्रयोगशाळा बंद झाली. तिथे आता मोडक्या खाटा रचल्या आहेत. इकडे मला वरचेवर थंडी वाजून ताप येतो, डोळे पिवळे होतात. आमच्या जवळच्या कॅम्प नं. ३ मधल्या सरकारी इस्पितळातले सर्जन म्हणतात, आत काय घातलंय ते कळल्याशिवाय चाकू लावणार नाही. शेवटी माझी पत्नी जिजा हिने जांभूळ गावच्या कावीळ उतरवणाऱ्या भगताकडे नेले. त्यानेही पोट चाचपून हात जोडले. परका माल आहे, आपलं काम नाही म्हणाला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत आपण केली आहे.

३. नळी कशाची आहे एवढेच कळवा, म्हणून मी अर्जांवर अर्ज केले. उत्तर नाही. आली ती थेट नोटीस : प्रयोगशाळेचे सामान मोजताना एक नळी कमी भरली, ती तुमच्या ताब्यात आहे, सुस्थितीत परत करावी, अन्यथा कारवाई होईल. वाचून संताप आला. मग, खरे सांगतो, बरेही वाटले. नळी आहे हे आपल्या कार्यालयाने पहिल्यांदाच मान्य केले.

४. नळी मी लपवलेली नाही. सुस्थितीची हमी देता येत नाही, कारण मीच सुस्थितीत नाही. येत्या गुरुवारी सकाळी ती घेऊन हजर होतो. काढून घ्यायला कोणी डॉक्टर ठेवावा, शिकाऊही चालेल. वाचण्याची हमी मागत नाही. तसे लिहून सही करून देतो. आता कंटाळा आला आहे, साहेब.

५. नळी जमा झाल्याची पावती मिळावी. जिजा बाहेर बाकावर बसलेली असेल. मला घेता आली नाही तर तिच्या हाती द्यावी. तिला वाचता येत नाही, तेव्हा काय झाले ते कोणीतरी तोंडी सांगावे.

आपला नम्र, आणि आपल्या नळीचा राखणदार,
बाळाजी शंकरराव भोईर
बुवापाडा, अंबरनाथ