आजोबांच्या नावाची शपथ

१२ मे, सोमवार

नगरपालिकेत या महिन्यातली तिसरी खेप. तासुलानं फाइल उघडली, चष्मा डोक्यावर चढवला आणि म्हणाली, "आरेती, अजून एक कागद लागेल." दीड वर्ष हेच ऐकतेय! आता काय, तर इथल्या पुरुषांच्या नोंदवहीत माझे आजोबा फोटिस १९१९चे, आणि आर्जेन्टिनातल्या लग्नाच्या दाखल्यावर १९१८चे. "गावातल्या कुणी जाणत्या माणसानं शपथेवर सांगावं, की हा फोटिस तोच. मग लगेच वर पाठवते."

बाबांची इथं राहायची मुभा १३ जुलैला संपते. ब्याऐंशीव्या वर्षी परत आर्जेन्टिनात, बेरिसोच्या त्या घरात एकट्यानं राहायचं? आई गेल्यापासून तिथं त्यांच्याशी बोलायलाही कुणी नाही. मी लग्न करून इथं आले, माझं केव्हाच मार्गी लागलं. बाबांना फोटिसचा मुलगा म्हणून ग्रीक नागरिकत्व मिळालं की तेही इथंच राहतील. मला दुसरं काही नको.

१४ मे

मर्सिनाआत्या शपथ घ्यायला तयार! आजोबांच्या बहिणीची मुलगी, एक्क्याण्णव वर्षांची. आजोबांना त्यांच्या इथल्या दिवसांत पाहिलेलं तिच्याशिवाय गावात आता कुणी उरलेलं नाही. म्हणाली, "मला खांद्यावर घेऊन मळणीला न्यायचा. मी नाही तर कोण सांगणार?"

१९ मे

पावाच्या भट्टीवर आज कोसमासनं बडीशेपेच्या बिया घातलेले कडक पाव काढले आणि एकदम बेरिसोचं अंगण आठवलं. आजोबा खाटीकखान्यातून यायचे, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग ताटात पीठ पसरून मला ग्रीक अक्षरं शिकवायचे. मी चुकले की फुंकर मारून पुसायचे. ते पीठ माझ्या नाकात जायचं, मी शिंकायचे, आणि आजी आतून ओरडायची, "बिचारीला लिहायला शिकवताय की तळायला घेताय?"

आजोबा आपलं गाव सांगायचे ते नेहमी समुद्रातून दिसतं तसं. आधी पवनचक्की दिसते, मग चर्चची घंटा, मग वाळत घातलेली जाळी. तीस वर्षांपूर्वी मी इथं पहिल्यांदा बोटीनं आले तेव्हा सगळं तसंच ओळीनं दिसलं, आणि मी कठड्याला धरून रडले होते.

बाबांना म्हटलं, तुम्ही पण सांगा ना आजोबांचं काही. माते, तो तिकडचा कडू चहा, नळीनं ओढत बसले होते. "काय सांगू पोरी, तुला सगळं माहितीच आहे." या माणसाला आपल्या कामाची काही घाईच नाही. मीच मरमर धावतेय.

६ जून, शुक्रवार

उद्या आत्म्यांचा शनिवार, गेलेल्यांच्या स्मरणाचा. चर्चमध्ये वाटायला सकाळपासून गहू उकडतेय. साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे आणून ठेवलेत.

आत्यानं आपली नावांची चिठ्ठी पाठवली. उद्या चर्चमध्ये आमचे पाद्री पापा-लुकास आपापल्या गेलेल्यांची नावं वाचतील ना, ती. घड्या पडून पडून फाटलीय, नव्यानं लिहून दे म्हणाली. लिहायला बसले. मेलेले एकोणतीस. त्यात आमचे आजोबा: फोटिस. आणि चार ओळी खाली पुन्हा, फोटिस, लेकरू.

चिठ्ठी घेऊन तशीच गेले. "आत्या, फोटिस दोनदा लिहिलाय."

"दोनदा नाही. दोघं आहेत."

मग बसवलं मला. तिच्या आईचा भाऊ फोटिस तीन वर्षांचा असताना तापानं गेला. १९२२च्या उन्हाळ्यात. त्याच शरद ऋतूत पलीकडच्या किनाऱ्यावरून निर्वासितांनी भरलेल्या बोटी आल्या. एका बोटीत चारेक वर्षांचं पोर होतं, बरोबर कुणी नाही. पणजीनं त्याला घरी आणलं, मेलेल्याचे कपडे घातले. कपडे बसले. नावही तेच ठेवलं. नोंदवहीतलं नाव कुणी खोडलं नाही, कुणी नवं लिहिलं नाही.

"मग आजोबांचं खरं नाव?"

"आईनं कधी काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मामा तो मामाच."

समुद्रातूनच पाहिलं होतं त्यांनी हे गाव. म्हणून तसं सांगायचे.

७ जून

पापा-लुकासनी वाचलं. फोटिस. मग इतर नावं. मग फोटिस, लेकरू. बाबा माझ्या शेजारी मेणबत्ती धरून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

१० जून, मंगळवार

झोप नाही. आत्या म्हणते, "शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवायचाय, आरेती. या वयात खोटं सांगून वर काय तोंड दाखवू?" आणि मी काय म्हणाले? म्हणाले, आत्या, तुमचा मामाच होता की तो, यात खोटं काय. मेलेल्याला कागद लागत नाही, बाबांना लागतो. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला असं पटवत बसले, लाज वाटली पाहिजे मला. वाटतेही. पण १३ जुलै आठवला की लाज मागे पडते.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. या वयात कशाला!

१३ जून

आत्याचा निरोप. "ठेवीन हात. स्टमातिसला एकटं पाठवू नकोस." स्टमातिस म्हणजे बाबा. मंगळवारी दहा वाजता जायचंय.

आनंद व्हायला हवा होता. दोन तास भांडी घासत बसले, धुतलेलीसुद्धा.

१६ जून

बाबांनी विचारलं, "उद्या मर्सिना नेमकं काय सांगणार?" म्हटलं, की फोटिस तोच. "बरं," म्हणाले, आणि लवकर झोपायला गेले.

१७ जून, मंगळवार

आत्याचा हात धरून पायऱ्या चढले तर बाबा आधीच तासुलासमोर बसलेले. नऊ वाजताच एकटे आले होते. अर्ज मागे घेतला. आत्याला म्हणाले, "बाई, तू घरी जा. त्या मेलेल्या लेकरानं आम्हाला नाव दिलं. आता देशही त्याच्याकडूनच घ्यायचा?" त्यांना ठाऊक होतं! आजोबांनी शेवटच्या आजारात सांगितलं होतं.

तासुलानं चष्मा पुसत पुसत एक कोरा अर्ज पुढं केला. निर्वासितांच्या याद्या राजधानीत असतात म्हणे, त्यांत खरं नाव शोधायला दोन वर्षं लागतील, चार लागतील. बाबांचं परतीचं तिकीट १२ जुलैचं.

'वडिलांचं नाव' या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं आणि सावकाश लिहिलं: आनेस्तिस.