फळीवरचं कोरडं ताट

वैशाख शुद्ध पंचमी, शुक्रवार. बोरगाव.

धाकट्याचं बारसं झालं. तिन्ही पंगतींना आईनं वाढलं. संकेश्वरचे पाहुणे जाताना म्हणाले, "म्हातारी लई खमकी!" मी फुगलो. पण तिचं पितळेचं ताट डोक्यातून जात नाही. ते फळीवरच होतं, सकाळी घासताना राहिलेला राखेचा ओघळ तसाच. दुसऱ्या ताटात ती जेवत नाही.

विचारलं, तर म्हणाली, "जेवले की रं, कवाच."

कवाच म्हणजे कधी? बायकोनं पाहिलं नाही, मी पाहिलं नाही. आई खोटं बोलेल?

मुद्दाम तेच ताट उतरवलं, राख पुसली, वाढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं दाराबाहेर बघितलं.

"दिवस बुडला रं आता. उद्या सकाळी खाईन."

सापडली! आम्ही जैन; बाकीचे ढिले पडलो, पण सूर्य मावळल्यावर ती अन्नाला शिवत नाही. आणि पाहुण्यांसाठी पंगती मीच लांबवल्या होत्या.

आता मागचं सगळंच संशयाचं वाटतंय. थोरल्याच्या बारशालाही "कवाच जेवले" म्हणाली होती. माझ्या लग्नात तर शेवटची पंगत बत्त्या लावून बसली होती. त्या पंगतीला तूप आईच वाढत होती.