भुऱ्याच्या थांबायच्या जागा

३ डिसें., बुध.
भुऱ्या नापास.
ताईला दिसत नाही, तिला रस्त्यानं न्यायला हा कुत्रा. पुण्याच्या संस्थेनं शिकवून दिला. नंदुरबारच्या रस्त्यांची सवय तेवढी दोन महिन्यांत मी लावायची होती. आज परीक्षक बाई आल्या. मिरची मार्केटात बाई शिंकून बेजार, भुऱ्या शांत. रिक्षांचे हॉर्न, स्टेशनचा जिना, सगळं नीट. मग अण्णाची चहाटपरी आली नि हा ताईला घेऊन सरळ डावीकडे. बाकाखाली बसला. अण्णानं सवयीनं टोस्ट टाकला, यानं खाल्ला. पुढे पानटपरी, तिथं बसला. स्टँडवर धडगावच्या गाडीपुढे बसला. मी रोज तिथं पाट्या वाचत उभा असतो ना.
बाई म्हणाल्या, "कुत्रा हुशार आहे. फिरवायला कोण नेतं याला?"


४ डिसें.
फेरपरीक्षा १८ ला. १ जाने.ला ताईला ऑफिसात फोन ऑपरेटर म्हणून रुजू व्हायचंय. भुऱ्याचं पास झाल्याचं कार्ड नसेल तर साहेब म्हणतात, सोबत माणूस आणा. माणूस म्हणजे मी. रोज दहा ते सहा, एका बाकावर. वेडा होईन.
आई: "कुत्रं बी तुन्हासारखंच व्हई गयं."

८ डिसें., सोम.
न थांबता फिरवतोय. अण्णा लांबूनच, "काय रे भो, रुसना का?" पाय वळलेच. आधी माझे. भुऱ्या माझं बघून वळतो. कुणाला शिकवायचंय तेच कळेना.

११ डिसें., गुरु.
सारंगखेड्याला घोडेबाजार. अर्धा तास म्हणून गेलो. एक पांढरा घोडा, कानांची टोकं आत वळलेली, त्याच्यापुढेच दुपार गेली. घरी आलो, वाटलं आजची फेरी बुडाली. ताई एकटीच भुऱ्याला घेऊन जाऊन आली होती. टपरीशी तो बसला, तर तो उठेपर्यंत ही तशीच उभी. अण्णाला म्हणाली, "याले काईच देऊ नको. माले चहाबी नको."
मी म्हटलं, सांगायचं ना, थांबलो असतो.
"तू थांबस, तेच तं रडनं शे."

१७ डिसें.
आठवडाभर तीच नेतेय. टपरीशी आता बसत नाही म्हणे, नुसता मान वळवतो. स्टँडचं सांगता येत नाही.
ताई: "उद्या तू येऊ नको. तू दिसना का तो तुन्हाकडेच येई."

१८ डिसें., गुरु.
साडेनऊला निघाले. पुढे ताई नि भुऱ्या, मागे परीक्षक बाई. मी घरात. दोनदा चप्पल घातली, काढली. आई म्हणे, "बठ ना एक जागे."
सव्वाअकरा. ताईचा फोन बंद, परीक्षेपुरता. एक चहा मारून यावा म्हटलं, पण जाऊ कुठं? अण्णाची टपरी त्यांच्या वाटेवर. पानटपरी त्यांच्या वाटेवर. स्टँडही. या गावात माझी एकही जागा त्यांच्या वाटेबाहेर नाही.
पावणेबारा. चप्पल पायात आहे, मी अजून घरातच.