शोकप्रस्तावातले शेवटचे वाक्य

प्रिय हिराताई,

उद्या सकाळी पालघरला आपल्या जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा आहे आणि तिच्या कामकाजातला पहिला विषय तुम्ही आहात. तुमच्या निधनाचा शोकप्रस्ताव मी मांडावा, असे अध्यक्षांनी सुचवले. टंकलिखित मसुदा माझ्यासमोर आहे. तो वाचताना मला केवळ दुःख होत नाही. मला भीती वाटते आहे. सभागृहातली भीती मी ज्यांना सांगत असे, त्या तुम्हीच गेलात. मग सांगू कोणाला? म्हणून हे पत्र.

मसुदा चांगला आहे. तुमचा जन्म, तुमचे किनाऱ्यावरचे गाव, मासे विकता विकता तुम्ही निवडणुकीला कशा उभ्या राहिलात, सारे नेटके मांडले आहे. केवळ शेवटचे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही : ‘दिवंगत सदस्येच्या सन्मानार्थ आजचे कामकाज तहकूब करण्यात यावे.’

का उतरत नाही, ते क्रमाने सांगतो. हसू नका! “मास्तर, तुमी पानी मागायचं तरी तीन मुद्द्यांत मागता,” असे तुम्ही म्हणायचात. पण क्रमाशिवाय मला विचारच करता येत नाही, त्याला काय करू?

सभेत आधी शोकप्रस्ताव, मग मागील सभेचे इतिवृत्त, मग प्रश्नोत्तरे, मग ठराव. हा क्रम मला पहिल्यापासून फार सुंदर वाटत आला आहे. गेलेल्यांना आधी वंदन, मग कालच्या बोलण्याची खातरजमा, मग जिवंत माणसांचे प्रश्न! उद्याच्या प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न तुमचा आहे : औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बोईसरच्या आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीत फाटक कधी बसवणार? शोकप्रस्तावानंतर सभा तहकूब झाली, तर तो प्रश्न पुकारलाच जाणार नाही. या सभागृहाच्या मुदतीतली ही शेवटची सभा. नवे सभागृह आले की जुने प्रश्न आपोआप रद्द होतात. म्हणजे तुमचा सन्मान म्हणून आम्ही तुमचाच प्रश्न बुडवणार, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघणार!

आपली पहिली भेट आठवते? सभागृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तुम्ही मला गाठलेत. “तुमी घाटावरचे मास्तर ना? नागरिकशास्त्र शिकवायचे? मंग मला सांगा, हितं कवा बोलायचं आनि कवा गप बसायचं.” सेवानिवृत्तीनंतर मला इतका उत्सुक विद्यार्थी मिळाला नव्हता. औचित्याचा मुद्दा म्हणजे काय, अनुमोदन कशाला लागते, उपप्रश्न केव्हा विचारता येतो, हे मी चहाच्या ग्लासांची मांडणी करून समजावले. टपरीवाला ओरडला, “मास्तर, अध्यक्षांना जरा उचला, धुवायचे आहेत!” तुम्ही किती हसलात!

पण तुम्ही पहिल्यांदा बोलायला उठलात तेव्हा सभागृहही हसले होते. तुमच्या ‘आमी’ला आणि ‘नाय’ला. मी बाकाकडे पाहत राहिलो. तुम्ही मात्र हसणाऱ्यांकडे वळलात. “हसा, हसा. पन कारखान्यात गॅस सुटून भोंगा वाजला ना, की तुमी पन ‘आई गं’च बोलाल, शुद्ध भाषा नाय सुचनार.” त्यानंतर कोणी हसले नाही. बाहेर आल्यावर तुम्ही मला टोमणा मारलात, “सभागृह हसतं कसं, ते तुमच्या पुस्तकात नाय ना लिवलेलं?”

भोंगा. तो शब्द लिहिला की तो दिवस समोर उभा राहतो.

आपण दोघे त्या शाळेत गळके छप्पर पाहायला गेलो होतो. वर्गात पाढे चालले होते. अचानक कुठल्याशा कारखान्याचा भोंगा सुरू झाला आणि थांबेचना. मग वास आला, डोळ्यांना झोंबणारा. मुले सवयीने एकमेव फाटकाकडे धावली. ते फाटक वसाहतीच्या रस्त्यावर उघडते, म्हणजे जिकडून वास येत होता तिकडेच! बाहेर पाळी सुटलेल्या कामगारांच्या बस, मध्ये अडकलेल्या रिक्षा, आणि पलीकडे पांढरा धूर. समोरच्या गेटवरचा पहारेकरी हात हलवून ओरडत होता, “मॅडम, गेट मत खोलो! बच्चों को पीछे ले जाओ!”

मागे कुठे नेणार? मागे भिंत होती.

मुख्याध्यापिका तुम्हाला विचारत होत्या, “ताई, मुलांना कुठे नेऊ? सांगा ना, कुठे नेऊ?” तुम्ही पदर तोंडाला लावलात, मुलांना शेवटच्या वर्गात कोंबलेत आणि खिडक्या ओल्या चटयांनी बंद करायला लावल्यात. मी काय करत होतो? त्या भिंतीला हात लावून उभा होतो. जणू ती सरकणार होती! थोड्या वेळाने वारा फिरला, वास विरला. कोणाला काही झाले नाही. तेव्हापासून दूरवर कुठलाही भोंगा वाजला की माझा तळहात त्या भिंतीचा खडबडीत स्पर्श आठवतो. भिंतीपलीकडे मोकळे गवताळ रान आहे, हिराताई. केवळ एक फाटक हवे.

त्याच संध्याकाळी आपण प्रश्न लिहिला. “तुमची बी सही पायजे,” तुम्ही म्हणालात. मी उत्साहाने नियम समजावला, की प्रश्नावर दोघांची नावे असली तर एक सदस्य गैरहजर असताना दुसरा तो विचारू शकतो. गैरहजर म्हणजे ताप आला, गाडी चुकली, एवढेच माझ्या मनात होते. असे गैरहजर राहायचे असते का हो?

त्यानंतरच्या सभेत एका माजी अध्यक्षांना श्रद्धांजली वाहून सभा तहकूब झाली. पुढच्या सभेच्या तोंडावर एक ज्येष्ठ सदस्य गेले, पुन्हा तहकूब. तुम्ही दोन्ही वेळा उभ्या राहून मनापासून डोळे पुसलेत आणि बाहेर येऊन चहा फुंकत म्हणालात, “मास्तर, मानसं मरायची थांबतील तवाच आमचं फाटक व्हनार बगा.” मी हसलो होतो. आज ते हसू मला टोचते.

मात्र शोकप्रस्तावाची तुम्ही कधी थट्टा केली नाहीत. मोठ्या नावांच्या यादीत तुमच्या गावच्या आरोग्यसेविकेचे नाव यावे म्हणून तुम्ही किती भांडलात! चपला हातात धरून, चिखलातून खाडी ओलांडून ती बाळंतपणे करायला यायची, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा कागद चाळणारे अधिकारीदेखील थांबले. तुमच्या गावात कोणी गेले की त्या दिवशी होड्या समुद्रात जात नाहीत. सभागृह बंद राहते तेही तसेच, असे तुम्ही मानायचात. “अक्खं सभागृह होड्या वर काडून बसतं, मास्तर. येवडा मान कोनाला मिळतो?”

बघा, माझी खरी भीती इथे आहे. उद्या मी तो मान तुमच्यापासून हिरावून घेतला, तर?

आज सकाळी तुमच्या घरी गेलो होतो. तुमचा भरत जाळे दुरुस्त करत ओसरीवर बसला होता. उद्या तो सभागृहातल्या प्रेक्षकांच्या सज्जात येणार आहे. पांढरा सदरा धुऊन दोरीवर टाकला होता. मी बोलायच्या आधीच त्याने विचारले, “सर, आयेसाठी पूर्न सभा बंद राहील ना?”

मी त्याला सारे समजावले. क्रमाने, शांतपणे, जसे मला येते तसे. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा कठीण होत गेला.

“म्हंजे मोठ्या लोकांसाठी बंद, आनि माजी आय कोळीन म्हनून चालू?”

“तसे नाही रे, भरत. फाटकाचा प्रश्न तिचाच—”

“तुमी लई शिकलेले हाव, सर. तुमच्याशी कोन बोलनार?” तो उठून आत गेला. जाळे तसेच पडून राहिले.

परत येताना रिक्षात मी तुमच्यावर रागावलो होतो. हो, तुमच्यावर! एवढा सगळा गुंता माझ्या गळ्यात टाकून कशा गेलात? मला वर्गात उभे राहता येते, कारण तिथे उत्तर मला ठाऊक असते. सभागृहात उभे राहून, सगळे माना खाली घालून बसलेले असताना, ‘थांबा’ म्हणणे मला कधी जमले आहे? लोक म्हणतील, याला मैत्रीची चाड नाही. अध्यक्ष नाराज होतील. आणि वर, सज्जात, पांढऱ्या सदऱ्यातला भरत.

मग रिक्षा शाळेवरून गेली. सुटी झाली होती. मुले त्याच एका फाटकातून, बसच्या अगदी शेजारून बाहेर पडत होती. आणि तुम्ही एकदा सांगितलेले मला आठवले. मी विचारले होते, होड्या न काढण्याच्या प्रथेला अपवाद असतो का? मास्तरी प्रश्न! तुम्ही म्हणालात, “असतो की. गावात मयत झाली तर होड्या बंद. पन कोनी मानूस समुद्रात राहिला असंल, तर मयत ठेवून समद्या होड्या बाहेर काडायच्या. आधी जित्याला आनायचं, मंग मेलेल्याला न्यायचं. मेलेला काय रागावतो?”

हिराताई, मुले अजून भिंतीच्या आत आहेत.

हे मी भरतला सांगायला हवे होते. सभागृहाचे नियम नव्हे. उद्या सांगेन, सर्वांसमोर, तुमच्याच शब्दांत, ‘मंग’ आणि ‘मेलेल्याला’ जसेच्या तसे. कोणी हसले तर हसो. त्याला ते पटेल की नाही, मला माहीत नाही. मी वर पाहणार नाही. पाहिले तर माझा आवाज जाईल.

भीती गेलेली नाही. हे लिहितानाही दूर कुठेतरी पाळीचा भोंगा वाजला आणि माझी लेखणी थांबली. पण तुम्हाला शब्द देतो : मसुदा मी शेवटच्या वाक्यापर्यंत वाचेन आणि ते वाक्य वाचणार नाही. मग आपण सारे मौन पाळू. मौन संपले की प्रथेप्रमाणे सगळे खाली बसतील.

मी बसणार नाही.

तुमचा,
घाटावरचा मास्तर
बोईसर